सॉफ्टवेअरच्या पोटातला ब्राउझर

“सर, सॉफ्टवेअर पांढरं झालंय.”

फोन एका दवाखान्याच्या काउंटरवरून होता. बिलिंगचं सॉफ्टवेअर उघडत होतं, वरचा मेनू दिसत होता, डावीकडची पेशंटची यादीही जागेवर होती. पण मधला मोठा चौकोन, जिथे विमा मंजुरीचं पान उघडायचं, तो कोऱ्या कागदासारखा. मी सवयीने विचारलं, “ताई, नेट चालू आहे का?” त्या म्हणाल्या, “चालू आहे की. तेच पान एजमध्ये उघडतंय. फक्त सॉफ्टवेअरमध्ये दिसत नाही.”

त्यांनी एका वाक्यात अर्धं निदान करून दिलं होतं. मी मात्र त्यांना राउटर बंद-चालू करायला लावला, कॅश (ब्राउझरने साठवून ठेवलेला पानांचा ऐवज) साफ करायला लावली, तीसुद्धा एजची. एजची कॅश साफ करून त्या चौकोनाला काहीच फरक पडणार नव्हता. तो चौकोन म्हणजे एक वेगळाच ब्राउझर होता, आणि त्या संगणकावर तो आहे हे काउंटरवरच्या ताईंना कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

ब्राउझर म्हटलं की आपल्याला क्रोम, एज, फायरफॉक्स आठवतात. यातला प्रत्येक खरं तर दोन भागांचा असतो. बाहेरची चौकट, म्हणजे पत्त्याची पट्टी, टॅब, मागे-पुढे जायचे बाण. आणि आतलं इंजिन, जे पान आणतं, वाचतं, पडद्यावर रंगवतं आणि पानातलं जावास्क्रिप्ट, म्हणजे पान हलतं-बोलतं करणारा कोड, चालवतं. चौकट काढून नुसतं इंजिन दुसऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरच्या विंडोत बसवलं की झाला एम्बेडेड ब्राउझर. सॉफ्टवेअर बनवणाऱ्याला यात मोठी सोय असते. नकाशा, पेमेंट, रिपोर्ट, लॉगिन ही पानं सर्व्हरवर एकदा बदलली की गावोगावच्या संगणकांवर नवी आवृत्ती टाकत फिरावं लागत नाही. स्टीमचं गेमचं दुकान असं चालतं, नवं टीम्स असं चालतं, आणि व्हिज्युअल स्टुडिओ कोड तर अख्खं ब्राउझर-इंजिनावरच उभं आहे.

माझ्या मनात या व्यवस्थेला एक शब्द पक्का बसला आहे: पोटभाडेकरू. विंडोज मालक, सॉफ्टवेअर भाडेकरू, त्याने आत घेतलेला ब्राउझर पोटभाडेकरू, आणि वेबसाइट म्हणजे पोटभाडेकरूकडे आलेला पाहुणा. नळ गळायला लागला की चौघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. सॉफ्टवेअरवाला म्हणतो साइट बंद असेल, साइटवाला म्हणतो आमच्याकडे व्यवस्थित दिसतंय, हार्डवेअरवाला म्हणतो विंडोज नवं टाका. या प्रकरणातलं सगळं कौशल्य गळका नळ कुणाच्या खोलीतला आहे हे ओळखण्यात आहे. दुरुस्ती बहुतेक वेळा पाच मिनिटांची निघते.

खोली ओळखायला दोन चाचण्या पुरतात. तेच पान नेहमीच्या ब्राउझरमध्ये उघडून बघायचं, आणि त्याच चौकोनात दुसरं एखादं पान उघडतं का ते बघायचं. कुठेच उघडलं नाही तर साइट किंवा नेट. चौकोनात एकच पान अडतंय, बाकीची येतात, तर त्या पानाचं आणि आतल्या इंजिनाचं पटत नाही. चौकोनात काहीच येत नाही आणि बाहेर सगळं येतं, तर पोटभाडेकरूच आजारी. ताईंचं प्रकरण या तिसऱ्या जातीचं होतं.

मात्र पहिल्या चाचणीत एक फसगत आहे. पान एजमध्ये उघडलं म्हणजे नेट ठीक, इतकंच सिद्ध होतं. आतला ब्राउझर त्याच वाटेने नेटवर जातो असं नाही. कार्यालयातल्या फायरवॉलमध्ये, म्हणजे नेटवर कुणाला जाऊ द्यायचं हे ठरवणाऱ्या पहारेकऱ्याकडे, परवानगी प्रोग्रामच्या नावाने दिलेली असेल, तर घोळ इथे होतो. आयटीवाल्याने बिलिंगच्या प्रोग्रामला परवानगी दिलेली असते, आणि पान मात्र त्या प्रोग्रामने मागवलेलंच नसतं. ते मागवते वेबव्ह्यू२ या मायक्रोसॉफ्टच्या एम्बेडेड ब्राउझरची वेगळी प्रक्रिया (म्हणजे पडद्यामागे स्वतंत्र चालणारा प्रोग्राम), जिचं नाव यादीत नाही. असे दोन-तीन तास मीही घालवले आहेत.

आधी जातकुळी विचारा

विंडोजवर हा पोटभाडेकरू साधारण तीन घराण्यांतला असतो, आणि प्रत्येकाची दुखणी वेगळी.

सगळ्यात जुनं घराणं इंटरनेट एक्सप्लोररचं. विंडोजमध्ये वेबब्राउझर कंट्रोल नावाचा एक भाग वर्षानुवर्षं आहे, आतमध्ये एमएसएचटीएमएल हे एक्सप्लोररचं इंजिन. व्हिज्युअल बेसिकपासून डॉटनेटपर्यंत सगळ्या साधनांत सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी तो वापरला, कारण फुकट होता आणि प्रत्येक संगणकावर आधीच होता. इंटरनेट एक्सप्लोरर ११ हा प्रोग्राम १५ जून २०२२ रोजी निवृत्त झाला, त्यामुळे लोकांना वाटतं की विषय संपला. प्रोग्राम गेला, इंजिन विंडोजमध्येच राहिलं. हिशेबाची, शाळेची, दुकानाची कितीतरी जुनी सॉफ्टवेअरं आजही त्याच्यावर पानं दाखवतात.

याचं ठरलेलं लक्षण म्हणजे “स्क्रिप्ट एरर”ची ती पिवळ्या त्रिकोणाची खिडकी: पानावरच्या स्क्रिप्टमध्ये चूक आहे, पुढे चालू ठेवायचं का? होय दाबा, नाही दाबा, खिडकी पुन्हा येते. कारण साधं आहे. आजच्या साइट ज्या जावास्क्रिप्टमध्ये लिहिल्या जातात, तिचे २०१५ नंतरचे शब्द या इंजिनाला कळत नाहीत. आजोबांना नातवाचा व्हॉट्सॲपवरचा मेसेज वाचायला दिल्यासारखं.

त्यातही गंमत अशी की हे इंजिन मुद्दाम जास्तच म्हातारं असल्याचं सोंग घेतं. संगणकावर एक्सप्लोरर ११ असला, तरी दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या पोटात बसलेला कंट्रोल, काही न सांगितल्यास, एक्सप्लोरर ७ सारखा वागतो. जुनी सॉफ्टवेअरं मोडू नयेत म्हणून मायक्रोसॉफ्टने तशी सोय केली. ती बदलायला रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या वहीत, फीचर ब्राउझर इम्युलेशन नावाची एक जागा आहे. तिथे आपल्या सॉफ्टवेअरच्या फाइलचं नाव आणि समोर ११००१ हा आकडा लिहिला की इंजिन ११ च्या ताकदीने चालतं. (दशमान आकडा. रजिस्ट्रीची खिडकी आपणहून षोडशमान (सोळाच्या पायाची) पद्धत निवडून बसते आणि लोक तिथे ११००१ तसाच ठोकून देतात. मग “केलं पण काही झालं नाही” असा फोन येतो.) आणि ३२ बिटचं सॉफ्टवेअर ६४ बिट विंडोजवर असेल, तर सगळ्या संगणकासाठीची नोंद रजिस्ट्रीच्या वेगळ्या फांदीत, वाव६४३२नोडखाली जाते. चालू वापरकर्त्याच्या नावाखाली नोंद केली तर ही भानगड टळते.

जुन्या प्रोग्रामरांना आठवत असेल, व्हिज्युअल स्टुडिओतून चालवताना प्रोग्रामच्या नावात “व्हीएसहोस्ट” असं शेपूट लागायचं. त्यामुळे नोंद बरोबर असूनही डेव्हलपरच्या संगणकावर पान जुनाट दिसायचं आणि ग्राहकाकडे नीट. उलटंही व्हायचं.

या घराण्याला औषध देत राहणं हा तात्पुरता उपाय आहे असं माझं स्पष्ट मत आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये एमएसएचटीएमएलमधलं एक भगदाड उघड झालं. बनावट ऑफिस फाइल उघडली की हल्लेखोर त्या इंजिनाच्या वाटेने संगणकात शिरत. म्हणजे ज्यांनी आयुष्यात कधी एक्सप्लोरर उघडला नव्हता, त्यांनाही त्याचा उपद्रव. विंडोजचे अपडेट चालू ठेवायचे आणि सॉफ्टवेअर देणाऱ्याला इंजिन कधी बदलताय हे दर बैठकीत विचारायचं, याखेरीज वापरणाऱ्याच्या हातात फारसं काही नसतं.

दुसरं घराणं क्रोमियम, म्हणजे क्रोमच्या आतलं सर्वांना खुलं असलेलं इंजिन, स्वतःसोबत बाळगणाऱ्यांचं. मार्शल ग्रीनब्लॅट यांनी २००८ मध्ये सुरू केलेलं सीईएफ (क्रोमियम एम्बेडेड फ्रेमवर्क), आणि २०१३ मध्ये ॲटम शेल म्हणून जन्मलेलं आणि २०१५ मध्ये इलेक्ट्रॉन झालेलं गिटहब कंपनीचं अपत्य. यांची सॉफ्टवेअरं आपलं इंजिन पाठीवर घेऊन फिरतात, म्हणून आकाराने जड असतात. फायदा हा की ग्राहकाच्या संगणकावर काय आहे, काय नाही, याची चिंता नाही. तोटा सप्टेंबर २०२३ मध्ये दिसला. वेबपी प्रकारची चित्रं उघडणाऱ्या लिबवेबपी या तयार कोडच्या लायब्ररीत गंभीर दोष सापडला. क्रोमने लगेच दुरुस्ती सोडली आणि बहुतेकांचा क्रोम आपोआप नवा झाला. पण पाठीवर जुनं इंजिन घेतलेल्या प्रत्येक सॉफ्टवेअरला आपापली नवी आवृत्ती काढावी लागली. ज्यांनी काढली नाही त्यांच्या पोटातलं भगदाड तसंच राहिलं, आणि वापरणाऱ्याला वाटलं की आपला ब्राउझर अपडेट आहे, मग काळजी कसली.

तिसरं घराणं मायक्रोसॉफ्टच्या वेबव्ह्यू२चं. ते २०२० च्या शेवटी सर्वांसाठी खुलं झालं, आणि नवीन सॉफ्टवेअरमध्ये आज सर्रास भेटतं. इंजिन एजचंच, म्हणजे क्रोमियम. पण ते एज नाही. त्याचा रनटाइम, म्हणजे प्रत्यक्ष चालणारं इंजिन, वेगळा इन्स्टॉल होतो आणि वेगळा अपडेट होतो. एज आहे म्हणून वेबव्ह्यू२ असेलच असं गृहीत धरू नये. विंडोज ११ मध्ये रनटाइम आधीपासून येतो. विंडोज १० वर तो नंतर पाठवला गेला, आणि ज्या संगणकांचे अपडेट बंद करून ठेवले आहेत तिथे तो अजूनही नसू शकतो. नेट असेल तर दोनेक एमबीचा छोटा इन्स्टॉलर बाकीचं ओढून घेतो. नेट नसेल तर पूर्ण इन्स्टॉलर पेनड्राइव्हवरून न्यावा लागतो.

ओळखायचं कसं? टास्क मॅनेजर उघडा आणि तपशिलाच्या टॅबमध्ये प्रक्रियांची नावं बघा. वेबव्ह्यू२चं नाव दिसलं तर तिसरं घराणं, पण विंडोज ११ वर खुद्द विंडोजचे काही भागही तेच वापरतात, तेव्हा आपलं सॉफ्टवेअर बंद करून कोणत्या ओळी नाहीशा होतात ते बघावं. सॉफ्टवेअरच्या फोल्डरमध्ये लिबसीईएफ नावाची भलीमोठी फाइल असेल तर दुसरं. यातलं काहीच नसेल आणि पानं दहा वर्षांपूर्वीची वाटत असतील, तर पहिलं.

ताईंच्या संगणकावर काय झालं होतं

प्रत्येक ब्राउझरला सामान ठेवायला जागा लागते: कुकी, कॅश, लॉगिन, पानांनी साठवलेली माहिती. वेबव्ह्यू२ यासाठी एक फोल्डर करतो, त्याला यूझर डेटा फोल्डर म्हणतात. सॉफ्टवेअर बनवणाऱ्याने जागा सांगितली नाही, तर साध्या डेस्कटॉप सॉफ्टवेअरमध्ये तो प्रोग्रामच्या फाइलशेजारीच फोल्डर करायला जातो. आणि सॉफ्टवेअर सहसा कुठे इन्स्टॉल होतं? प्रोग्राम फाइल्समध्ये. तिथे सामान्य वापरकर्त्याला काही लिहायची परवानगीच नसते.

इन्स्टॉल करायला गेलेल्या मुलाने सॉफ्टवेअर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवून बघितलं. पान झकास उघडलं. तो सही घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी ताईंनी आपल्या नावाने लॉगिन केलं, इंजिनाला सामान ठेवायला जागा मिळाली नाही, आणि ते सुरूच झालं नाही. त्या वेळी इंजिन एक त्रुटी परत देतं, ८००७०००५ या आकड्यांनी संपणारी. तिचा अर्थ “परवानगी नाही”. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने ती त्रुटी पकडून संदेश दाखवला असता तर दोन मिनिटांचं काम होतं. त्याने ती गिळून टाकली होती. म्हणून चौकोन पांढरा.

“माझ्याकडे चालतंय, तुमच्याकडे का चालत नाही” या चिरंतन वादातला मोठा वाटा या एका फोल्डरचा आहे, असं माझ्या अनुभवावरून मी म्हणेन. उपाय डेव्हलपरने करायचा: फोल्डरची जागा प्रत्येक वापरकर्त्याच्या ॲपडेटामधल्या लोकल फोल्डरमध्ये नेमून द्यायची. रोज ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा असं काउंटरला सांगणं हा उपाय नाही. दाराचं कुलूप अडतंय म्हणून दारच काढून ठेवण्यातली ती गत.

याच फोल्डरची आणखी काही रडगाणी आहेत. एजमध्ये लॉगिन केलेलं असूनही सॉफ्टवेअर पुन्हा पासवर्ड मागतं, कारण कुकी वेगळ्या फोल्डरमध्ये असतात. हा बिघाड नाही, अशीच रचना आहे. फोल्डर सर्व्हरवरच्या सामायिक ड्राइव्हवर ठेवला तर पान संथ चालतं, मध्येच कोसळतं. कार्यालयांत वापरकर्त्याचं प्रोफाइल नेटवर्कवर ठेवलेलं असतं, तिथे हे हमखास भेटतं. आणि एकच फोल्डर दोन प्रोग्राम वेगवेगळ्या सेटिंगने वापरायला गेले, उदाहरणार्थ सॉफ्टवेअरची जुनी नि नवी आवृत्ती शेजारी शेजारी उघडली आणि दोघांनी इंजिनाला निराळी भाषा सांगितली, तर दुसऱ्याला इंजिन सरळ नकार देतं.

फोल्डरमधला डेटा खराब झाल्याचा संशय आला तर सॉफ्टवेअर बंद करा, टास्क मॅनेजरमध्ये त्याच्या वेबव्ह्यू२ प्रक्रिया खरंच संपल्या का ते बघा, आणि फोल्डरचं नाव बदला. खोडू नका. पुन्हा चालू केल्यावर नवा फोल्डर तयार होतो. पान उघडलं तर दोष जुन्या फोल्डरचा. नाही उघडलं तर जुनं नाव परत द्या, ग्राहकाचं लॉगिन आणि साठवलेल्या गोष्टी शाबूत राहतात. अख्खा फोल्डर उडवून नंतर “ताई, सगळीकडे परत लॉगिन करा” म्हणणारे महाभाग मी पाहिलेत. त्यातला एक मीच.

काळं, पांढरं आणि अडकलेलं

क्रोमियम घराण्यातलं इंजिन एकट्याने काम करत नाही. एक मुख्य प्रक्रिया, पानं रंगवणाऱ्या वेगळ्या, ग्राफिक्स कार्डाशी बोलणारी एक, नेटवर्क बघणारी एक. एक जण कोसळला तर बाकीचे वाचावेत म्हणून ही वाटणी. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला याचा अर्थ असा की पान रंगवणारी प्रक्रिया मेली तरी तुमचं सॉफ्टवेअर जिवंत असतं, आणि चौकोन मात्र मेलेला. प्रक्रिया पडल्याची वर्दी इंजिन देतं. ती ऐकून पान पुन्हा लोड करायचं, आणि मुख्य प्रक्रियाच पडली असेल तर कंट्रोल नव्याने उभा करायचा. ही वर्दी न ऐकणारं सॉफ्टवेअर दुपारपर्यंत छान चालतं आणि मग “अचानक” पांढरं होतं. कोसळल्याच्या नोंदी यूझर डेटा फोल्डरमध्येच क्रॅशपॅड नावाच्या उपफोल्डरमध्ये साठतात. डेव्हलपरकडे तक्रार पाठवताना त्या जोडल्या तर तुमच्या ईमेलला लवकर उत्तर येतं.

चौकोन काळा पडतोय, लुकलुकतोय, किंवा रिमोट डेस्कटॉपने जोडल्यावरच बिघडतोय, तर आधी संशय ग्राफिक्स ड्रायव्हरवर घ्यावा. चाचणी सोपी आहे. वेबव्ह्यू२ला जास्तीच्या सूचना देण्यासाठी एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (विंडोजमध्ये प्रोग्रामसाठी लिहून ठेवायची चिठ्ठी) असतं, त्यात “डिसेबल जीपीयू”ची, म्हणजे ग्राफिक्स कार्ड वापरू नकोस अशी, सूचना घालून सॉफ्टवेअर पुन्हा उघडायचं (रोमन लिपीत टाइप करायचं, हे सांगायला नको). पान दिसलं तर ड्रायव्हर नवा टाका. आणि चाचणी झाली की ते व्हेरिएबल काढून टाका. संपूर्ण संगणकासाठी ठेवलं तर वेबव्ह्यू२ वापरणारं प्रत्येक सॉफ्टवेअर ग्राफिक्स कार्डाविना रखडत चालेल, आणि वर्षभराने कुणालाच आठवणार नाही की का.

सॉफ्टवेअर उघडताक्षणी गोठत असेल, वर “नॉट रिस्पॉन्डिंग” येत असेल, तर बहुधा दोष लिहिणाऱ्याचा. इंजिन सुरू व्हायला थोडा वेळ लागतो आणि “झालं तयार” हा निरोप ते विंडोच्या मुख्य धाग्यावरच (विंडोची कामं एकामागून एक करणाऱ्या थ्रेडवर) देतं. त्या धाग्यालाच “तयार होईपर्यंत इथून हलू नकोस” असं सांगून अडवून ठेवलं, तर निरोप घेणार कोण? दोघं दाराच्या दोन बाजूंना “आधी तुम्ही, आधी तुम्ही” करत उभे. नवख्या डेव्हलपरांकडून ही चूक इतकी होते की अशा कोडमध्ये मी आधी तीच शोधतो.

बटण दाबलं तरी काहीच होत नाही, ही तक्रार पेमेंटच्या पानांवर फार. बँकेचं पान नव्या विंडोत उघडायचं असतं. नेहमीच्या ब्राउझरमध्ये टॅब उघडतो. इथे टॅबच नाहीत. नव्या विंडोची विनंती सॉफ्टवेअरकडे येते आणि तिचं काय करायचं ते त्याने ठरवायचं असतं. त्याने ती नाकारली असेल तर पडद्यावर शांतता.

आणि तारीख. हसू नका. मदरबोर्डवरचा बिल्ल्याएवढा सेल संपला की संगणक चालू करताना तारीख कित्येक वर्षं मागे जाते. साइटचं सुरक्षा प्रमाणपत्र त्या तारखेला जन्मलेलंच नसतं, म्हणून इंजिन पान नाकारतं. नेहमीचा ब्राउझर निदान “घड्याळ मागे आहे” असं सांगतो. पोटातल्या ब्राउझरचं त्रुटीचं पान मात्र पुष्कळदा सॉफ्टवेअरवाल्याने दिसायला वाईट म्हणून बंद करून ठेवलेलं असतं. पुन्हा पांढरा चौकोन. चाळीसेक रुपयांचा सेल.

गूगलचं लॉगिन

एक तक्रार अशी आहे जी कितीही खटपट केली तरी सुटणार नाही, कारण ती बिघाड नाहीच. पोटातल्या ब्राउझरमधून “गूगलने साइन इन करा” दाबलं की गूगल नकार देतं. हे धोरण २०१६ मध्ये जाहीर झालं, २०१७ पासून लागू झालं, आणि २०२१ मध्ये उरल्यासुरल्या पळवाटाही बंद झाल्या. कारण पटण्यासारखं आहे. चौकोनात दिसणारं लॉगिनचं पान खरं गूगलचं आहे की हुबेहूब नक्कल, हे बघायला तिथे पत्त्याची पट्टी नाही. शिवाय ज्याच्या पोटात ब्राउझर आहे ते सॉफ्टवेअर तुम्ही टाइप केलेलं प्रत्येक अक्षर वाचू शकतं. पोटभाडेकरूच्या खोलीच्या किल्ल्या भाडेकरूकडे असतातच.

काही जण इंजिनाला खोटं नाव लावून, क्रोमचं सोंग घेऊन गूगलला चकवायला बघतात. काही दिवस जमतं, मग बंद पडतं, आणि सोमवारी सकाळी सगळे फोन तुमच्याकडे. योग्य रस्ता २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये निघालेल्या आरएफसी ८२५२ या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजात लिहिलेला आहे: लॉगिन नेहमीच्या ब्राउझरमध्ये उघडा, काम झालं की उत्तर सॉफ्टवेअरकडे परत आणा. ग्राहकाला दोन विंडो बघाव्या लागतात. बघू द्या.

मराठीचं थोडं

सीईएफ काही सॉफ्टवेअरांत थेट विंडोत न बसवता पडद्याआड चित्र काढून ते दाखवण्याच्या पद्धतीने वापरतात. गेममध्ये वगैरे हे लागतं. तेव्हा कीबोर्डकडून आलेली अर्धवट अक्षरं इंजिनापर्यंत पोचवायची जबाबदारी सॉफ्टवेअरवर येते. इंग्रजीला काही अडत नाही, म्हणून चाचणीत कुणाच्या लक्षात येत नाही. आपण फोनेटिक कीबोर्डने “ज्ञानेश्वर” लिहायला गेलो की अक्षरं दोनदा उमटतात किंवा उमटतच नाहीत. अशा वेळी मराठी युनिकोड टाइप करून चाचणी केली का, एवढंच डेव्हलपरला विचारा.

अक्षरांच्या वळणाचीही एक बारीक गोष्ट. मराठी ल आणि श हिंदीपेक्षा वेगळ्या वळणाचे. ज्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणं आहेत, त्यात मराठी वळण यायचं तर पानाला “भाषा मराठी” अशी खूण हवी. ती नसेल तर बिलावर हिंदी वळणाचा ल येतो. दुरुस्ती एका ओळीची असते, पण ती पानात, म्हणजे पाहुण्याच्या सामानात करायची असते. सॉफ्टवेअरवाल्याशी भांडून उपयोग नाही.

मागून घ्यायच्या दोन गोष्टी

सॉफ्टवेअर विकत घेणाऱ्याने करार करताना एक छोटी खिडकी मागून घ्यावी: कोणतं इंजिन, त्याची आवृत्ती, यूझर डेटा फोल्डरची जागा आणि शेवटची त्रुटी, एवढं दाखवणारी. लिहायला अर्धा दिवस लागत असेल. फोनवर “जरा ती खिडकी उघडून वाचून दाखवा” म्हणता आलं की राउटर बंद-चालू करण्याचे खेळ थांबतात. दुसरी गोष्ट, डेव्हलपर टूल्स, म्हणजे एफ१२ दाबल्यावर उघडणारी, पानाच्या आतल्या चुका दाखवणारी साधनं. वेबव्ह्यू२मध्ये ती आपोआप चालू असतात, आणि बरेच जण ग्राहकाकडे देताना ती बंद करतात. काउंटरवर बंद असलेलीच बरी, कुणीही पानाशी खेळायला नको. पण सपोर्टवाल्यासाठी ती चालू करायची गुप्त वाट ठेवावी. चौकोन पांढरा असताना तिथल्या लाल ओळी काय म्हणतात हे कळलं की अर्ध्या दिवसाची बचत होते.

इंजिनाची आवृत्ती कोण ठरवणार हेही तेव्हाच विचारून घ्यावं. वेबव्ह्यू२ दोन पद्धतींनी मिळतो. एक आपोआप नवा होत राहणारा, दुसरा सॉफ्टवेअरसोबत गोठवून दिलेला. गोठवलेला २५० एमबीहून मोठा असतो, नेटवर्कवरच्या फोल्डरमधून चालत नाही, आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या त्यात आपोआप येत नाहीत. मी आपोआप होणाऱ्याच्या बाजूचा. त्यातही एक मेख आहे. नवी आवृत्ती आली तरी चालू असलेलं सॉफ्टवेअर जुनीच धरून बसतं. दवाखान्यासारख्या ठिकाणी काउंटरचा संगणक आठवडे बंद होत नाही, तेव्हा रात्री एकदा सॉफ्टवेअर बंद करून उघडायचा नियम लावावा.

विंडोज ७ आणि ८.१ वर मात्र वेबव्ह्यू२ची गाडी १०९ या आवृत्तीवर थांबली आहे, जानेवारी २०२३ पासून. त्या संगणकांवर पान उघडेल, काही महिने उघडत राहील, मग साइटवाला काहीतरी नवं वापरेल आणि एक बटण चालेनासं होईल. ताईंच्या दवाखान्यात एक्स-रेच्या खोलीत असा एक संगणक होता. त्या मशीनचं सॉफ्टवेअर विंडोज ७ सोडून कशावरच चालत नव्हतं. शेवटी विमा मंजुरीचं काम त्या संगणकावरून काढून काउंटरवर आणलं, आणि एक्स-रेचा संगणक नेटवरून तोडला.